वारा गिळणारे पंखे

"बाई, म्हंजी भिंगरीनं वारा गिळला व्हय?"

सुवर्णानं हे विचारलं तेव्हा आम्ही शाळेमागच्या माळावर उभे होतो. पोरांच्या हातात जुन्या कॅलेंडरच्या भिंगऱ्या होत्या, करवंदीच्या काट्यांवर टोचलेल्या, आणि घाटमाथ्यावरचा वारा असा भन्नाट की आवाज चढवल्याशिवाय काही ऐकू जायचं नाही. मी पदर कमरेला खोचून कागदाची एक पट्टी धरून दाखवत होते. भिंगरीच्या पुढं धरली की पट्टी फडफडायची, पाठीमागं धरली की जरा मवाळ व्हायची.

"थोडा गिळला," मी म्हणाले. "भिंगरी फिरली ती वाऱ्याच्या जिवावर. तिला मिळालं तेवढं वाऱ्याचं कमी झालं. फुकटात काही येत नसतं, बरं का."

हे वाक्य मी आजही तसंच शिकवीन. त्यात काडीची चूक नाही. पण उंबरदांडात माझं जे काही झालं ते त्या वाक्यामुळं झालं, म्हणून सुरुवात तिथून केली.

धडा ऊर्जेचा होता. पुस्तकात त्याला जेमतेम दीड पान आणि शेजारी गॅसच्या शेगडीचं चित्र. माझ्या चौथीच्या पोरांनी गॅसची शेगडी जन्मात बघितलेली नव्हती. तेव्हा पुस्तक मिटून टाकलं आणि सकाळी वर्गातच विचारत सुटले. पाण्याची घागर चढावरून कुणी आणली? आईनं. आईला बळ कुठून आलं? भाकरीतनं. भाकरी कशाची? नाचणीची. मग पुढं? नाचणीला बळ कुणी दिलं? शेवटी भिकूनं भीत भीत खिडकीबाहेर बोट केलं, उन्हाकडे.

"म्हंजी आमी ऊनच खातो की," तो म्हणाला, आणि वर्ग खदाखदा हसला.

"हसताय काय? बरोबर आहे त्याचं. आपण सगळे उन्हाचीच भाकरी खातो."

"मग पुढं?" ही माझी खोड होती. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न. पोरांनाही ती लागली होती, आणि सुवर्णाला तर फारच. गावचे जाणते म्हातारे दौलू आबा, त्यांची ही नात. दोन वेण्या, एक रिबीन कायम सुटलेली, आणि डोक्यात भुंगा. एखादी गोष्ट पटली नाही तर जेवणाच्या सुट्टीत पाठोपाठ हिंडायची.

माळाच्या एका अंगाला, समोरच्या डोंगरधारेवर, पवनचक्क्या दिसायच्या. कंपनीनं त्या उभ्या केल्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि त्या आल्या तसा पाऊसही रोडावला होता. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, मग गावानं त्यांची गाठ मारली तर नवल काय? गाव त्यांना पंखे म्हणायचं. घरातला पंखा वारा घालतो, तसे हे पंखे वारा घालून ढगांना पिटाळून लावतात, असं गावाचं म्हणणं. आदल्या वर्षी तालुक्याचे साहेब आले तेव्हा दौलू आबांनी त्यांना हेच सांगितलं, आणि साहेब जीपमध्ये बसून पोट धरून हसले. ते हसणं गावाच्या जिव्हारी लागलेलं होतं.

म्हणून त्या दिवशी मी पोरांना मुद्दाम समजावलं. घरातल्या पंख्याला वीज लागते आणि तो वारा देतो. हे यंत्र बरोबर उलटं आहे. हे वारा घेतं आणि वीज देतं. ते ढगांना फुंकर मारत नाही. एवढं ऐकून सुवर्णानं तो प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, आणि शाळा सुटली.

आता माझं सांगते. मी मिरजेकडची. वय तिशी ओलांडलेलं, लग्न झालेलं नाही, आई गेलेली, भाऊ आपल्या संसारात. उंबरदांडची शाळा चौथीपर्यंतची, आणि शिकवायला मी एकटी. दुसरी जागा रिकामीच होती. गाव वाईट नव्हतं. कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही, कुणी पाणी भरताना अडवलं नाही. पण मी त्यांच्यात नव्हते. मी दिसले की बायका बोलणं थांबवायच्या, बाजूला सरून वाट द्यायच्या आणि "या बाई" म्हणायच्या. मान भरपूर. तो मान घेऊन संध्याकाळी खोलीत जायचं, दार लावायचं आणि स्टोव्हचा आवाज ऐकत बसायचं. रविवारी तर दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. सोमवारी हजेरी घ्यायला लागले की पहिल्या एकदोन नावांना घसा नुसता खरखरायचा. एकटेपणाची मला सवय झाली होती असं मी भावाला लिहायचे, पण सवय कसली डोंबलाची. कुणीतरी नुसती हाक मारावी म्हणून जीव कासावीस व्हायचा.

माझी खोली सोनाकाकूंच्या घराला लागून होती. सोनाकाकू एकट्याच, नवरा गेलेला, मुलगा पुण्याला हमालीला. आमच्या मधल्या भिंतीत एक झरोका होता, पूर्वी दिवा ठेवायचे तसला, दोन्हीकडून दिसणारा. त्याला त्यांच्या बाजूनं एक फळी लावलेली असायची. मी आले त्या दिवसापासून ती फळी मी बंदच बघितली होती.

भिंगऱ्यांच्या धड्यानंतरच्या दिवशी तिन्हीसांजेला ती सरकली. मी दचकलेच. पलीकडून एक हात आला, हातात ताटली, ताटलीत पिठलं आणि दोन भाकऱ्या.

"घ्या. गरम हाय," सोनाकाकू म्हणाल्या. "स्टोव्हवरचं काय खाता रोज."

मी ताटली घेतली.

"लई चांगलं केलंसा बाई," भिंतीपलीकडून आवाज आला. "एवढं शिकलेलं मानूस गावाच्या बाजूनं बोललं. आमी आपलं म्हनायचो पंखं ढग हाकलत्यात, आन सायेब हसायचं. आता तुमी शास्तर सांगितलं."

"मी काय सांगितलं, काकू?"

"सुवर्णीनं सांगितलं की घरी. पंखा वारा गिळतो म्हनून. मग ढग येनार कशावर?"

मी ताटली हातात धरून उभीच राहिले. ढग खूप वर असतात काकू, तसं नाही, असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. पण पलीकडं चुलीत फू करायचा आवाज आला, मग ठसका आला, आणि मग काकूंनी विचारलं, "तिखट झालं न्हाई न्हवं?" मी म्हणाले, नाही, फार छान झालंय. आणि खरंच छान झालं होतं.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. गाव बदललं, निदान माझ्यापुरतं तरी. पाणवठ्यावर बायका बाजूला सरायच्या थांबल्या आणि माझी घागर हिसकावून स्वतः भरायला लागल्या. दौलू आबांच्या सुनेनं, म्हणजे सुवर्णाच्या आईनं, बारशाला बोलावलं आणि नुसतं बोलावलं नाही, पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. सोनाकाकू संध्याकाळी ओसरीवर पावटे सोलायला घेऊन बसायच्या आणि मला हाक मारायच्या. मी गेले की आणखी दोघीतिघी यायच्या.

"बाई, तुमचं नाव काय वो?" एकीनं एकदा विचारलं. एवढ्या दिवसांत ते कुणी विचारलेलंच नव्हतं.

"रजनी."

"रजनी," सोनाकाकू म्हणाल्या. "मग रजे, लग्नाचं काय?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. "करा की बंदोबस्त," मी म्हणाले. "तुमच्यात कुणी आहे का बघा."

"हाय की. खालच्या आळीचा पांडबा हाय. दात न्हाईत, पन म्हशी दोन हायत."

"मग म्हशींशीच लावा."

अशी थट्टा. आता सांगताना काहीच वाटत नाही, पण खोलीवर येऊन मी तोंडावर पदर धरून हसायचे आणि हसता हसता रडायचे. पोरं संध्याकाळी माझ्या खोलीत यायला लागली. सुवर्णा तर घरच्यासारखी शिरायची, डबे उघडून बघायची. सोनाकाकूंनी एकदा मला बसवून डोक्याला तेल घातलं. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. फळी आता उघडीच असायची. आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना आपापली भाकरी खात बोलत बसायचो.

आषाढ कोरडाच चालला होता. नाचणीची रोपं लावणीआधी तरव्यातच पिवळी पडली. आणि त्यात बातमी आली की कंपनी माळाच्या दुसऱ्या अंगालाही पंखे उभे करणार, म्हणजे गुरं चारायला राहिलेली शेवटची जागाही जाणार. त्याबद्दल गावाचं म्हणणं ऐकायला तालुक्याचे साहेब भैरोबाच्या देवळात येणार होते. तेच ते, आदल्या वर्षी हसून गेलेले.

बैठकीच्या आदल्या दिवशी दौलू आबा शाळेत आले. काठी दाराबाहेर ठेवली, टोपी सारखी केली. पोरं घरी गेली होती.

"बाई, उद्या तुमी बोलायचं," ते म्हणाले.

"मी काय बोलू, आबा?"

"पोरांना शिकवलंसा तेच. आमी बोललो तर त्यो हसतो. तुमच्यावर हसायची त्याची छाती न्हाई."

"आबा, मी शिकवलं ते एवढंच, की पवनचक्की वाऱ्यातली थोडी शक्ती घेते. पावसाचं मी काही—"

"वारा कमी हुतो का न्हाई?"

"होतो. थोडा."

"बास झालं. तेवढंच सांगा." ते माझ्याकडे बघत राहिले. म्हातारा हुशार होता, त्याला सगळं कळत होतं. "पुढचं आमी बघून घेऊ. तुमी खोटं बोला असं कुठं म्हनतोय मी? खरं तेवढं बोला, आन खाली बसा."

मी हो म्हणाले. का म्हणणार नाही? त्यांचं माळरान जात होतं, त्यांच्या गुरांचं काय व्हायचं ते मला दिसत होतं, आणि त्यांची बाजू मला पटत होती. शिवाय मला ती ओसरी हवी होती. रजे म्हणून हाक मारणारं माणूस हवं होतं. एक वाक्य बोलायचं, तेही खरं, आणि खाली बसायचं. यापेक्षा सोपं काय असतं?

देवळात सारं गाव जमलं. बापे पुढं, बायका डाव्या खांबांपाशी, पोरं पार देवापुढं जाजमावर. सोनाकाकूंनी मला शेजारी जागा धरून ठेवली होती. साहेब खुर्चीवर, त्यांच्यामागं कंपनीचा एक तरुण इंजिनियर, गॉगल डोक्यावर चढवलेला.

आबांनी सुरुवात झकास केली. चराऊ माळ, पाणवठा, गुरांची वाट, एकेक सांगितलं. साहेब ऐकत होते, मान हलवत होते, पण घड्याळही बघत होते. मग आबा म्हणाले, "आन पाऊस. मागल्या येळंला तुमी हसलासा. आता आमच्या बाईच सांगतील. शाळंत शिकवत्यात त्या."

आमच्या बाई. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सोनाकाकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला उठवलं.

मी उभी राहिले. म्हणाले, "पवनचक्की वाऱ्यातली ऊर्जा घेते. तिच्या मागं वारा थोडा मंदावतो. हे खरं आहे."

देवळात समाधानाची कुजबुज उठली. साहेब हसले नाहीत. इंजिनियरकडे वळून त्यांनी भुवया उंचावल्या आणि त्यालाही मान हलवावी लागली, कारण ते खरंच होतं. आबांनी माझ्याकडे बघून डोळे मिटून उघडले. मी खाली बसायला लागले.

"बाई, मग पुढं?"

सुवर्णा होती. जाजमावर, सगळ्यात पुढं. बोलली ती अगदी वर्गात बोलावं तशी. मोठी माणसं बसली आहेत, साहेब आहेत, याचं तिला काही नव्हतं. मी तिला तेच तर शिकवलं होतं.

"ए, गप," मागून कुणी म्हणालं.

पण तिचं पुरं व्हायचं होतं. "ढग तर लई वर असत्यात न्हवं? पंख्याची पाती तिथवर पोचत्यात व्हय? आन न्हाई पोचत, तर मग ढगांचा वारा कुनी गिळला?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. बरेच दिवस तिच्या डोक्यात हा भुंगा असणार, आणि आज विषय निघाला म्हणून तिनं विचारलं.

मी अर्धवट वाकलेली होते. तशीच बसले असते तर चाललं असतं. पोर आहे, काहीतरी बोलते, असं म्हणून कुणी विषय पुढं नेला असता. माझ्या एका बाजूला सोनाकाकूंचं लुगडं होतं, समोर ती दोन वेण्यांची मुंडी होती, आणि मला त्या घडीला त्या पोरीचा राग आला. खरं सांगते, चांगलाच राग आला. पण ती माझ्याकडेच बघत होती. मी आता जे सांगीन तेच ती आयुष्यभर खरं धरून चालणार होती.

मी परत सरळ उभी राहिले.

"नाही पोचत," मी म्हणाले. "ढग त्याच्या फार वर असतात. वरचा वारा वेगळा. पवनचक्कीमुळं ढग अडतात किंवा पाऊस जातो, असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही."

साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली. इंजिनियर हसला, मनापासून, आणि ते हसू मला चाबकासारखं लागलं.

"पण माळाचं आबा म्हणतात ते सगळं खरं आहे," मी घाईनं म्हणाले. "चराऊ रान जाईल. गुरांची वाट बंद होईल. ते लिहून घ्या, साहेब."

"हो हो, घेतो ना," साहेब म्हणाले, पण ते उठायच्या तयारीत होते.

आबा मात्र बसलेच होते. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"बरं बाई. पंख्यांनी न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "मग पाऊस का येत न्हाई, ते सांगा."

मी शिकलेलं सगळं आठवून बघितलं. समुद्र, तापमान, वाऱ्याची दिशा. पण उंबरदांडावर का नाही, ह्या वर्षी का नाही, ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"मला माहीत नाही, आबा."

"न्हाई ना?" ते म्हणाले. "आमालाबी न्हाई. पर आमच्याजवळ सांगायला कायतरी हुतं." आणि काठी टेकत ते उठले.

ते उठले तसे सगळे उठले. कुणी मला वाईट बोललं नाही. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. बायका माझ्या बाजूनं गेल्या, आणि जाताना त्यांनी परत वाट दिली. सोनाकाकू जाजमाची घडी न घालताच निघून गेल्या. इंजिनियर जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं गावोगाव पाहिजेत. खाली तालुक्याला सोडू का गाडीनं?" मी नको म्हणाले. ते जाजम मी एकटीनं झटकलं, एकटीनं गुंडाळलं आणि देवळाच्या कोपऱ्यात उभं केलं. चौघींचं काम होतं ते, चांगलं जड होतं.

खोलीवर आले तर झरोक्याची फळी लागलेली होती. मी हळूच दोनदा ठोकून बघितलं. पलीकडं भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला, आणि जरा वेळानं परत सुरू झाला. माझ्या घागरी मात्र दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. पाण्यात कुणी कसूर केली नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही.

दुसऱ्या अंगाचे पंखे उभे राहिले. ते तसेही राहिले असते, असं मला नंतर बरेच जण म्हणाले. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळा वेळेआधीच उघडली. मला वाटलं होतं कुणी येणार नाही. शाळा बंद पाडायला गावाला काही करावं लागत नाही, पोरं नुसती घरी ठेवली की झालं. पण पोरं आली, सगळी आली. भिकू आला, सुवर्णा आली, तीही पहिल्या बाकावर. मला वाटलं, सवयीनं आली असतील. किंवा दुपारच्या खिचडीसाठी. मी कारण विचारलं नाही, विचारायची हिंमत नव्हती.

वर्गात सगळं पहिल्यासारखं चाललं. वर्गाबाहेर माझं कुणी उरलं नाही. ओसरीवरच्या बायका मी दिसले की बोलणं थांबवायच्या आणि "या बाई" म्हणायच्या. तो शब्द पूर्वी नुसता कोरडा वाटायचा, आता सोसायचा नाही. पूर्वी मला ठाऊकच नव्हतं भिंतीपलीकडं काय असतं ते. आता ठाऊक होतं, आणि फळी लागलेली होती. माझ्या खोलीत पोरांचं पाऊल वाजायचं थांबलं. डबे जसे ठेवले तसेच राहायचे. रविवार परत मुके झाले.

असे बरेच दिवस गेले. एकदा शाळा सुटल्यावर सुवर्णा मागं राहिली होती, फळा पुसायची पाळी तिची होती म्हणून. मी खिडक्या लावत होते. राहवलं नाही.

"सुवर्णा, तू हल्ली घरी येत नाहीस माझ्या."

ती फळा पुसत राहिली.

"रागावलीस का माझ्यावर? त्या देवळातल्या बोलण्यावरून?"

"न्हाई वो बाई. मीच तर इचारलं हुतं."

"मग?"

तिनं फडकं झटकलं. खडूची भुकटी दोघींच्या अंगावर उडाली. सांगावं की नाही, असं तिचं चाललं होतं. शेवटी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत तिनं सांगून टाकलं.

"आबा म्हनलं, बाईंच्या घरात पाय ठिवायचा न्हाई. आमच्या घरात कुनीच न्हाई ठिवायचा."

मी कडी लावली. "बरं," म्हणाले.

"आन म्हनलं, कायबी झालं, ताप आला, पाव्हनं आलं, तरीबी बाईंची साळा एक दीस बुडवायची न्हाई."